पंजाबरावांचं मिनिट

साल १९६०. भिलाईच्या कारखान्यात पंजाबराव मशिनींचे फेरे मोजत. नागपूरकडच्या रेल्वेशेडमधून येताना ते स्वतःचा काउंटर घेऊन आले होते. मुठीत मावणारं पितळी यंत्र. त्याचं टोक फिरत्या शाफ्टला टेकवायचं, बरोबर एक मिनिट धरायचं आणि तबकडीवरचा आकडा वाचायचा. काउंटर पंजाबराव धरत. शेजारी त्यांचा मदतनीस कवडू घड्याळ बघून "सुरू" आणि "बस" म्हणे.

पंजाबरावांची बायको वारलेली, लेक दूर सासरी. क्वार्टरमध्ये भिंतींशी किती बोलणार? म्हणून एका पंपाकडून दुसऱ्याकडे जाताना ते कवडूला सगळं सांगत. भाजी खारट झाली, लेकीचं पत्र नाही, गुडघा दुखतो. कवडू नुसता "हूं" म्हणे. त्या "हूं"वर हा माणूस दिवस काढत होता, आणि त्याच खात्यात असून मला ते दिसलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

मग रशियन मीटर आला. टेकवला की काटा लगेच फेरे दाखवी. घड्याळ नको, घड्याळवालाही नको. म्हणजे आता कवडूची बदली होणार, हे पंजाबरावांनी ताडलं. उभ्या आयुष्यात एकही खोटा आकडा न दिलेला हा गृहस्थ साहेबांना बेधडक म्हणाला, "नवा मीटर चाळीस फेरे कमी दाखवते, साहेब."

साहेब म्हणाले, उद्या सगळ्यांसमोर पडताळा घेऊ.

सुटीच्या भोंग्यानंतर पंजाबरावांनी कवडूला गाठलं. "उद्या 'बस' जरा दोन-अडीच सेकंद उशिरा म्हण. नाही तं तुले दुसरीकडं धाडतीन."

कवडू म्हणाला, "हूं."

दुसऱ्या दिवशी पंपाभोवती आम्ही सगळे जमलो. मीटरने नऊशे साठ दाखवले. मग पंजाबरावांनी काउंटर टेकवला. मिनिट भरलं आणि त्याच क्षणी कवडू ओरडला, "बस!"

तबकडीवरही नऊशे साठच. साहेब आकडा वहीत टिपून निघून गेले.

पंजाबराव कवडूकडे वळले. "कावून रे?"

"भाऊ, बदलीचा अर्ज मीच देल्ला होता. रेल मिलमध्ये गावाकडले चार जण हायत. इथं मले लय एकटं वाटते."

"एकटं? मी होतो ना संगं! मले सांगतलं कावून नाही?"

कवडूने घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं.

"दोन सालं झाले, भाऊ. तुमी मले बोलू कवा देल्लं?"