सिस्टरांच्या घरी ठेवलेलं प्रस्थान

पहाटे पाच वाजता मी आमच्याच मजल्यावर शेजारच्या दाराला लावलेल्या कुलपासमोर उभा होतो. त्या कुलपामागे माझ्या गाडीची सगळी मूळ कागदपत्रं होती, आणि ती तिथे मीच नेऊन ठेवलेली. खाली गाडी भरून तयार होती. टाकी फुल्ल, टायरमध्ये हवा, डिकीत आठ दिवसांचं सामान. कल्याणहून नेपाळपर्यंतचा सतरा-अठराशे किलोमीटरचा रस्ता मी तीन महिने आखत होतो. चहा कुठे, जेवण कुठे, मुक्काम कुठे, सगळं तक्त्यात लिहिलेलं. शेजारचं माणूस पहाटे कुलूप लावून बाहेर जाऊ शकतं, एवढा एकच रकाना त्या तक्त्यात राहिला होता.

हे सगळं एका मुलीसाठी चाललेलं. सहा वर्षांपूर्वी आमचा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि दोन खोल्यांचं घर अचानक फार मोठं वाटायला लागलं. तेव्हा आम्ही एका संस्थेमार्फत नेपाळच्या डोंगरातल्या बिमला नावाच्या मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ती तेव्हा सहा वर्षांची होती. दरवर्षी तिचा एक फोटो यायचा. दोन वेण्या, लाल रिबिनी, मागे तीच निळी भिंत, आणि चेहरा असा की फोटोग्राफरने दम देऊन उभं केलंय. आमची पत्रं संस्थेकडून जायची, तिची संस्थेकडून यायची. यंदा मी ठरवलं की जाऊन भेटायचं, आणि तेही स्वतःची गाडी चालवत. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, विमानाने जा ना." मी ऐकलं नाही. तोवर मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसलेलो. हिने मात्र एका रात्री जेवताना विचारलं होतं, "अहो, तुम्ही तिला भेटायला चाललाय की गाडी चालवायला?" मी म्हटलं, दोन्ही. आज खरं सांगायचं तर पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुणीतरी 'वा' म्हणावं, एवढ्यासाठीच त्यातलं निम्मं होतं.

देवाशी माझं नातंही तसंच. रोज पूजा करतो, अथर्वशीर्ष म्हणतो, आणि म्हणता म्हणता मनात विजेच्या बिलाची तारीख आठवत असतो. निघायच्या आधी टिटवाळ्याला गेलो तेव्हा मी त्या तक्त्याची प्रिंट गणपतीच्या पायाशी ठेवली. साहेबांच्या टेबलावर सहीसाठी फाइल ठेवावी तशी. आणि हात जोडून मागितलं काय, तर यातलं काही बदलू देऊ नकोस. पुजाऱ्यांनी कागद परत दिला तेव्हा त्यावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. मी ते मंजुरीचं धरलं.

आता कुलपाची गोष्ट. निघायचा दिवस बुधवार ठरला, तर हिने कॅलेंडर बघून सांगितलं की बुधवार पहाट चांगली नाही, मंगळवार संध्याकाळ चांगली आहे. तक्ता हलवायला मी तयार नव्हतो. मग तिने तिच्या आईची जुनी युक्ती काढली, प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगल्या वेळेला प्रवासातली एखादी वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं समजायचं, आपण मग सोयीने निघायचं, आणि जाताना ती वस्तू उचलायची. मला हसू आलं, पण वाद टळत होता. तिने मूठभर तांदूळ, सुपारी आणि एक रुमाल माझ्या हातात दिला. मी समोर दिसली ती बॅग उघडली, त्यात ते कोंबलं आणि शेजारी देऊन आलो. त्याच बॅगेत तळाशी आरसी, विमा, आमची ओळखपत्रं, सरहद्दीवर गाडीच्या परवान्यासाठी लागणारी सगळी फाइल होती.

शेजारी राहतात त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणते. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती आहे. मी बॅग पुढे केली आणि कशासाठी ते सांगितलं, तर म्हणाल्या, "आमच्याकडे हे असलं काही नसतं हो. पण ठेवा. बुद्धांच्या खाली ठेवते, कुठे जात नाही." कुठे गेली नाहीच. त्या गेल्या. आंबिवलीला त्यांच्या लेकीकडे नातवाला ताप आला म्हणून पहाटे चारला निघून गेल्या. दाराच्या फटीत चिठ्ठी होती: दुपारपर्यंत येते, तुम्हाला प्रवासासाठी शुभेच्छा.

त्या शुभेच्छा वाचून मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन लागेना. लेकीचं घर आंबिवलीत मोहन्याच्या बाजूला कुठेतरी, एवढंच माहीत. सात वाजता मी हातोडी घेऊन बाहेर आलो. ही दारात उभी. "कुलूप फोडणार? सिस्टरांचं?" मी म्हटलं, नवीन आणून देईन. "आणि प्रस्थान असं फोडून काढतात का कधी? बसा गुपचूप." बसलो. हातोडी मांडीवरच राहिली. तक्त्यात तेव्हा आम्ही नाशिकच्या जवळ होतो. नऊला सिस्टरांचा फोन लागला. त्या आधी दोन मिनिटं हसल्या आणि मग म्हणाल्या, निघते लगेच. मी देव्हाऱ्याकडे पाहून मनातल्या मनात भांडलो. एक गोष्ट मागितलेली तुझ्याकडे, एक.

साडेनऊच्या सुमारास बेल वाजली. सिस्टर आल्या असं समजून मी, "काय हो सिस्टर!" असं जरा चढ्या आवाजातच म्हणत दार उघडलं. समोर एक अनोळखी माणूस, डोक्यावर टोपी, खांद्यावर गाठोडं. आणि आमच्या चपलांच्या रॅकला टेकून खाली बसलेली एक मुलगी, तोंड उघडं ठेवून श्वास घेणारी. तिने मान वर केली. दोन वेण्या होत्या, रिबिनी नव्हत्या. ओठांचा रंग जांभळट. तिने शाळेची वही उघडून एक घडी घातलेला कागद माझ्यापुढे धरला.

तो कागद मी ओळखला, कारण अक्षर माझं होतं. मध्यभागी वर 'श्री'. उजव्या कोपऱ्यात आमचा पूर्ण पत्ता, इमारतीचं नाव, मजला, कल्याण पश्चिम. संस्थेचा नियम अगदी स्पष्ट होता की पत्रात पत्ता लिहायचा नाही. पण पहिलं पत्र लिहायला बसलो तेव्हा माझ्या हाताने शाळेत गुरुजींनी घोटून घेतलेलं केलं, वर श्री, कोपऱ्यात पत्ता, खाली तारीख. तो कोपरा नसला तर गुरुजी एक गुण कापायचे. ते पत्र संस्थेच्या नजरेतून कसं सुटलं, देव जाणे. देव जाणे हे शब्द मी आयुष्यभर सवयीने म्हणत आलोय. त्या दारात उभं राहून ते पहिल्यांदा नुसते सवयीचे वाटले नाहीत.

मी हातातली हातोडी तेवढी खाली ठेवली. मुलीच्या मागून तो माणूस म्हणाला, "साब, मैं बिमला का बाप. बच्ची को साँस नहीं आ रहा." ही मला बाजूला सारून बाहेर गेली आणि खाली बसून तिने त्या मुलीला छातीशी धरलं. "बिमला? अगं बाई, बिमला?" मुलगी श्वास घेत घेत म्हणाली, "काकी."

मग तुकड्यातुकड्यांनी समजलं. महिनाभर तिला धाप लागत होती. सरहद्दीजवळच्या दवाखान्यात सांगितलं, हृदयाचं आहे, मोठ्या शहरात न्या, वेळ लावू नका. आम्ही येणार हे त्यांना कळलेलं होतं, पण तिच्या बापाला थांबायचा धीर नव्हता. त्याने गावातल्या संस्थेच्या माणसाला निरोप दिला आणि गोरखपूरहून मुंबईची गाडी पकडली. तो निरोप अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता, आणि थेट कळवणार कसं? आमच्या शाळेच्या पत्रलेखनात फोन नंबर लिहायची पद्धत नव्हती. ती दोघं मुंबईलाच जाणार होती. पण सकाळी गाडी एका स्टेशनात थांबली, बिमलाने खिडकीतून पाटी वाचली आणि बापाचा हात ओढला. नेपाळी आणि मराठी लिपी एकच. 'कल्याण' हा शब्द ती सहा वर्षं वहीतून वाचत आली होती.

हे ऐकत असताना मी भिंत धरून उभा होतो. माझ्या तक्त्याप्रमाणे या क्षणाला मी तिच्या दिशेने भरधाव चाललेलो असायला हवा होतो, आणि ती माझ्या बंद दारासमोर धापा टाकत बसलेली असती.

तेवढ्यात जिन्यात चपलांचा आवाज आला. सिस्टर वर आल्या, किल्ल्यांचा जुडगा हातात, काहीतरी चेष्टेचं बोलणार होत्या. मुलीकडे लक्ष गेलं तशा थांबल्या. खाली बसून तिचं मनगट धरलं, नखं पाहिली, पायाला बोट दाबून पाहिलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग वर न बघता मला म्हणाल्या, "गाडी कुठाय?"

"खाली. भरलेली आहे."

"मग बघत काय बसलाय? काढा! ठाण्याला माझ्या ओळखीचे हृदयाचे डॉक्टर आहेत. हिला आडवी करायची नाही, बसवूनच न्यायची."

ज्या गाडीत मी नेपाळचा नकाशा लावला होता, तिच्यात मागे उशीला टेकून बिमला, एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला नाडीवर बोटं ठेवून सिस्टर, पुढे तिचा बाप. कोन गावावरून भिवंडी बायपासला लागलो. ठाण्यात माजिवड्यापर्यंत कसे आलो माहीत नाही. पण घोडबंदर रोडला वळलो आणि गाड्यांच्या समुद्रात अडकलो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मी हॉर्न वाजवला, खिडकीतून ओरडलो, रस्त्याला, मेट्रोच्या खांबांना, सगळ्यांना शिव्या दिल्या. मागून सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "ओरडू नका. पोर घाबरते."

तेव्हा मी गप्प झालो. समोर काचेला टेकवून ठेवलेला तो तक्ता होता, त्यावरचं कुंकवाचं बोट. त्याच्याकडे बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की मी आजवर देवाकडे कधी काही मागितलंच नव्हतं, फक्त सूचना दिल्या होत्या. मी म्हटलं, मला काही कळत नाही रे. माझ्या हातात काही नाही. तू बघ. एवढंच. आकाशातून काही झालं नाही. गाड्याही लगेच हलल्या नाहीत. आणखी किती वेळ गेला सांगता येत नाही. पण मी हॉर्न वाजवला नाही, आणि मागे बिमलाचा श्वास मोजत बसलो. एकेक श्वास येत होता. मग रस्ता हळूहळू पुढे सरकला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, फुप्फुसात पाणी साठलंय. "आज आणलंत ते बरं केलंत," ते म्हणाले, "अजून एक प्रवास हिला झेपला नसता." मी बाहेरच्या बाकावर बसलो. तिचा बाप माझ्याशेजारी येऊन बसला. त्याने गाठोड्यातून कापडात बांधलेले भाजलेले मक्याचे दाणे काढले आणि अर्धे माझ्या ओंजळीत दिले. ते चावत आम्ही दोघं बसून राहिलो.

आठ दिवसांनी ऑपरेशन झालं. मध्यंतरी मी संस्थेला नियम मोडल्याची कबुली द्यायला फोन केला. तिकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पत्ता लिहायचा नसतो, काका." आणि पुढे हळूच म्हणाल्या, "बरं झालं लिहिलात. पण हे मी बोलले असं कुणाला सांगू नका." पुढची बरीचशी व्यवस्था त्यांनीच लावली. शुद्धीवर आल्यावर बिमलाला एसीची थंडी वाजायला लागली. हिने डिकीतून स्वेटर आणला. मागच्या फोटोच्या अंदाजाने विणलेला, नेपाळला नेऊन द्यायचा होता. अंगात तो दुपटीने ढगळ झाला, कारण फोटोनंतर ती वाढायच्या ऐवजी आटली होती. ती बाह्यांत हात लपवून हसली. फोटोत ती कधीच हसत नसे.

दीड महिना ती दोघं आमच्याकडे राहिली. सिस्टर रोज सकाळी गोळ्या मोजायला यायच्या आणि प्रत्येक वेळी मला विचारायच्या, "काही ठेवायचंय का आमच्याकडे?" मग डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आम्ही बापलेकीला कल्याण स्टेशनवरून गाडीत बसवून दिलं. बिमला खिडकीतून पाटीकडे बोट दाखवून हात हलवत राहिली.

मी अजूनही पक्का भाविक झालोय असं म्हणणार नाही. अथर्वशीर्ष म्हणताना विजेचं बिल अजून आठवतं. पण तो तक्ता मी देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवलाय, उलटा करून, कोरी बाजू वर. रोज पूजा झाली की तिच्यावर एक फूल ठेवतो. काही मागत नाही. त्या पहाटेचं कुलूप आठवलं की अजून अंगावर काटा येतो. मी ज्याला अडथळा समजून हातोडी आणली होती, ते आतून कुणी धरून ठेवलं होतं, हे मला कळायला एक पोर दारात यावी लागली.

ती गेली त्या दुपारी घर पुन्हा मोठं झालं होतं. ही मेथी निवडत बसलेली. माझ्या मनात इतके दिवस घोळत होतं ते मी विचारून टाकलं. म्हटलं, "त्या दिवशी आपण पाचला निघालो असतो तर गं?"

"तर काय," ही मान वर न करता म्हणाली, "पोर दाराशी बसली असती. दुपारी सिस्टर आल्या असत्या, त्यांनी बघितलं असतं, रिक्षात घालून नेलं असतं. देवाचं काही अडलं नसतं हो." मग तिने निवडलेली पानं एका बाजूला सारली आणि म्हणाली, "आपलं राहिलं असतं."