व्राबेलने वर केलेले बोट

क्लेमेंट व्राबेल आमच्या बेल्मर गावच्या पोस्टात टपाल वेगळे करण्याचे काम करीत असे. आणि ग्लासमेन या बेसबॉल संघाचा सामना घरच्या मैदानावर असला, की अधिकृत गुणलेखक म्हणून पत्रकारकक्षाच्या डाव्या खिडकीशी बसत असे. पत्रकारकक्ष हे नाव मोठे आहे. वस्तुतः ती प्रेक्षकांच्या छपरावर ठोकलेली फळ्यांची खोली होती, तिला बाहेरून शिडी होती, आणि आत बहुधा आम्ही दोघेच असायचो. मी शाळेत लॅटिन शिकवीत असे व सामन्याच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून खेळाडूंची नावे पुकारीत असे. बावीस वर्षे आमच्या खुर्च्यांमध्ये दोन हातांचे अंतर राहिले. त्यामुळे पुढे जे सांगतो त्यातले बरेचसे मी स्वतः पाहिलेले आहे आणि उरलेले मला त्यानेच सांगितलेले आहे.

गुणलेखकाचे काम वरकरणी कारकुनी असते. पण त्यात एक गोष्ट न्यायाधीशाची असते. फलंदाजाने टोलवलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातून निसटला, तर तो फलंदाजाच्या गुणाने निसटला की रक्षकाच्या दोषाने, हे गुणलेखकाने ठरवायचे. गुणाने असेल तर ती हिट आणि दोषाने असेल तर ती चूक. धावा तेवढ्याच होतात, सामना तसाच जिंकला किंवा हरला जातो. परंतु हिट पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर मांडली जाते आणि चूक रक्षकाच्या. क्लेमेंट खिडकीतून हात बाहेर काढी. एक बोट वर म्हणजे हिट, मिटलेली मूठ म्हणजे चूक. मैदानाच्या टोकाला फलकावर बसलेला माणूस दुर्बिणीतून तो हात पाही आणि त्याप्रमाणे दिवा लावी. निर्णय बदलायचा असल्यास चोवीस तासांच्या आत लीगच्या चिटणिसाला कळवण्याची मुभा होती. क्लेमेंटने ती बावीस वर्षांत एकदाही वापरली नव्हती. गावातल्या न्हाव्याच्या दुकानात पैजेवरून भांडण झाले, तर शेवटी कोणीतरी म्हणे, "व्राबेलनं काय दिलं?" आणि भांडण तिथेच मिटे.

सत्तावन्न साली आम्ही एकशे चाळीसपैकी सत्त्याण्णव सामने हरलो. हरण्याचीही एक सवय लागते हे मला त्या उन्हाळ्यात कळले. जुलै संपेपर्यंत बाकांवर दोन-अडीचशे माणसे उरली होती, आणि तीही बहुधा शिव्या देण्यासाठी येत. त्यांची म्होरकी ओपल श्ट्रोम नावाची बाई होती. काचकारखान्यात बाटल्या तपासून तपासून तिची नजर तयार झालेली आणि आवाज त्याहून.

"ए डेल्बर्ट! वाकता येत नसेल तर खुर्ची आणून देऊ का रे?"

डेल्बर्ट पूल हा तिसऱ्या बेसवरचा रक्षक. वय छत्तीस, उजवा गुडघा दोनदा कापलेला. तो शांतपणे टोपीला हात लावून म्हणे, "आणा बाई. तुमच्या शेजारीच टाका, म्हणजे ऐकू नीट येईल." लोक हसत आणि पुढचा चेंडू त्याच्या पायांमधून जाई.

हा डेल्बर्ट चार उन्हाळे क्लेमेंटकडे भाडेकरू म्हणून राहत होता. क्लेमेंटची बायको, आयरीन, चार वर्षांपूर्वीच गेलेली; मूलबाळ नव्हते. डेल्बर्ट येण्याआधी त्या घरात संध्याकाळी फक्त घड्याळ वाजत असे, असे क्लेमेंट मला एकदा म्हणाला होता. आता दोघे मिळून सॉसेज तळत, पत्ते खेळत आणि मोठ्याने वाद घालत. मात्र मैदानावरच्या निर्णयाबद्दल घरात बोलायचे नाही हा करार होता. डेल्बर्टच्या नावावर त्या वर्षीच्या एकतीस चुका होत्या. त्यातल्या सतरा, म्हणजे घरच्या मैदानावरच्या सगळ्या, क्लेमेंटच्याच हातच्या, आणि त्यावरून स्वयंपाकघरात कधी शब्द निघाला नव्हता.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी मॅनेजर गस टॅकेट सगळ्या खेळाडूंसमोर डेल्बर्टला म्हणाला, "आणखी एक चूक, पूल, की सामान बांधायचं. मला इथं पांजरपोळ चालवायचा नाही." डेल्बर्टने घरी येऊन ते हसत सांगितले. क्लेमेंट हसला नाही.

शनिवारी दुपारी नॉरिस थिबॉड पिचर होता. लुईझियानाकडचा, विशीतला पोरगा, बोलताना जमिनीकडे पाहणारा. त्या दिवशी पाच डाव झाले तरी प्रतिस्पर्ध्यांना त्याच्यावर एकही हिट मिळाली नव्हती. सहा झाले. सात झाले. अशा वेळी त्या गोष्टीचे नाव घ्यायचे नसते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. बाकावर नॉरिसच्या दोन्ही बाजूंना कोणी बसेना. ओपल श्ट्रोम त्या मोसमात प्रथमच गप्प झाली. वरिष्ठ संघाकडून खेळाडू पारखायला आलेले दोघे खाली जाळीमागे बसले होते, आणि आपला कागद एकमेकांना दाखवणे त्यांनी थांबवले होते. एकही हिट न देता सामना संपवणारा पिचर शंभरात एखादाच निघतो. तसे झाले असते तर नॉरिस सोमवारी वरच्या संघाच्या गाडीत बसला असता.

अडचण एवढीच होती की आमच्याही धावा शून्य होत्या.

आठव्या डावात दोन फलंदाज बाद झाले होते आणि चार बाहेरच्या चेंडूंवर फुकट बेस मिळून पुढे सरकलेला एक धावक दुसऱ्या बेसवर उभा होता. पुढच्याने चेंडू जमिनीलगत तिसऱ्या बेसकडे टोलवला. वेगात होता, पण सरळ होता. डेल्बर्ट एक पाऊल डावीकडे सरकला, वाकला, आणि चेंडू त्याच्या हातमोज्याखालून मागे गेला. धावक शेवटच्या, घरच्या बेसवर पोचला. एक–शून्य.

सगळ्या माना खालून आमच्या खिडकीकडे वळल्या. क्लेमेंटचा निर्णय एरवी चेंडू थांबण्याआधी होत असे. त्या दिवशी त्याचा हात टेबलावरच होता. मी त्याच्याकडे पाहिले नाही. ते शिष्टाचाराला धरून झाले नसते. मग त्याने हात बाहेर काढला आणि एक बोट वर केले.

फलकावर हिटचा दिवा लागला. नॉरिसने तो पाहिला, टोपी काढली, परत घातली आणि पुढच्या फलंदाजाला तीन चेंडूंत बाद केले. शेवटच्या, नवव्या डावातही त्याने कोणाला हिट दिली नाही. आम्ही एक–शून्यने हरलो. जाळीमागचे दोघे शेवटचा फलंदाज बाद होण्यापूर्वीच उठून गेले होते.

रविवारी सकाळी क्लेमेंट चर्चमध्ये मिसाला गेला, पण प्रभुभोजनासाठी बाकावरून उठला नाही. मनावर पाप असलेल्याने ते घ्यायचे नसते. माझ्या पत्नीने ते पाहिले आणि तिला वाटले, त्याची तब्येत बरी नसावी. घरी आला तेव्हा डेल्बर्ट अंडी करून त्याची वाट पाहत बसला होता.

"क्लेम, आज करार मोडतोय. तो चेंडू माझा होता."

"जेव आधी."

"गुडघा वाकला नाही. आठ वर्षांच्या पोरानं धरला असता तो. तू बदल ते. साडेचारपर्यंत वेळ आहे."

"मी बघितलं ते दिलं."

"तू बघितलं ते दिलं नाहीस," डेल्बर्ट म्हणाला. "मला चार वर्षं ओळखतोस ना? मग मला भीक का घालतोस? त्या पोराचं काय?"

"पोरगा विशीचा आहे. त्याला अजून शंभर सामने मिळतील. तुला किती मिळणार?"

डेल्बर्टने काटा ठेवला. "म्हणजे तुला माहीत होतं."

क्लेमेंटने डेल्बर्टच्या ताटातले अंडे झाकून ठेवले, पोस्टातल्यासारखे नीट, चारही बाजूंनी फडके दुमडून. फोन भिंतीवर दोन पावलांवर होता. तो उचलला गेला नाही. डेल्बर्ट मैदानावर निघून गेला.

त्या दुपारचा सामना आम्ही नऊ–दोनने हरलो. डेल्बर्टने एकही चूक केली नाही. पाच वाजून गेल्यावर टॅकेटने त्याला खोलीत बोलावून सोडचिठ्ठी दिली. ही बातमी शिडीखालच्या शेंगदाणेवाल्याने आम्हांला वर सांगितली. क्लेमेंट तसाच खाली उतरला आणि मी त्याच्या मागोमाग गेलो, कारण त्याचा चेहरा मला बरा दिसेना.

टॅकेट बूट काढत होता.

"त्याच्या नावावर चूक नव्हती," क्लेमेंट म्हणाला. "काल नव्हती, आज नव्हती."

"कसली चूक?"

"तूच गुरुवारी म्हणालास."

टॅकेटने वर पाहिले आणि त्याला खरोखर हसू आले. "अरे म्हाताऱ्या, ते बोलायचं असतं. शुक्रवारीच वरून फोन आला होता. उद्या नवा पोरगा येतोय तिसऱ्या बेसला. तुझ्या बोटावर कोण राहतो नि कोण जातो असं वाटलं की काय तुला?"

क्लेमेंटने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. तरीही त्याने टॅकेटच्याच फोनवरून चिटणिसाला गाठले. त्याचे बोलणे मी ऐकले. "माझा कालचा निर्णय चुकीचा होता. नुसता चुकीचा नाही, मला माहीत असून दिला." पलीकडून काय उत्तर आले ते त्याने मला नंतर सांगितले: मुदत संपली आहे, अहवाल छापायला गेला आहे, आणि एवढ्या हरलेल्या संघाच्या सामन्यातल्या एका हिटने कोणाचे काय बिघडते?

डेल्बर्ट सोमवारच्या बसने ओक्लाहोमाला गेला. निघताना दोघांनी हात मिळवले. पण खोलीची किल्ली त्याने क्लेमेंटच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. पत्र त्याने पुढे कधी पाठवले नाही.

उरलेल्या घरच्या सामन्यांत क्लेमेंटने निर्णय दिले, आणि ते अचूक होते. पण प्रत्येक वेळी हात बाहेर काढण्यापूर्वी तो माझ्याकडे पाही. बावीस वर्षांत त्याने तसे कधी केले नव्हते. मी मान हलवीत असे. त्याला आता एका साक्षीदाराची गरज वाटत होती.

आठ सप्टेंबरला शेवटचा सामनाही हरून झाला. पुढच्या वर्षी बेल्मरमध्ये संघ राहणार नाही, हे तोवर वृत्तपत्रात येऊन गेले होते. बाके रिकामी झाली तेव्हा शिडीवर पावले वाजली आणि नॉरिस थिबॉड दारात उभा राहिला. हातात पिशवी होती.

"मिस्टर व्राबेल, जाण्याआधी भेटून जावं म्हटलं."

"वर बोलावलं का तुला?" मी विचारले.

"नाही, सर. सोडलं मला. वडिलांच्या बोटीवर जाईन, कोळंबी धरायला." तो जमिनीकडे पाहत होता. "मिस्टर व्राबेल, त्या शनिवारी मला राग आला होता तुमचा. मला वाटलं, ती चूक असणार. मग न्हाव्याकडे सगळे म्हणाले, व्राबेलनं दिली म्हणजे हिटच. मग बरं वाटलं. म्हणजे मी चांगला टाकत होतो, पण समोरच्यानं मारलाच. तेवढं सांगायचं होतं."

त्याने हात पुढे केला. क्लेमेंटने तो घेतला नाही.

"ती चूक होती," तो म्हणाला. "तू एकही हिट दिली नव्हतीस. डेल्बर्टची नोकरी जाऊ नये म्हणून मी बोट वर केलं. ती तरीही गेली."

नॉरिसचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग त्याने तो मागे घेतला आणि पहिल्यांदाच मान वर करून समोरच्याच्या डोळ्यांत पाहिले.

"आता बदलता येतं?"

"नाही."

"मग आता मला कशाला सांगितलंत?"

क्लेमेंटने माझ्याकडे पाहिले. त्या मुलाने रागाने विचारले नव्हते. त्याला उत्तर हवे होते, आणि तो उत्तरासाठी थांबला होता. मग त्याने पिशवी उचलली आणि तो शिडी उतरून गेला.