लिहून ठेवलेलं उत्तर

मेधावहिनीचं उत्तर लिहून झालं होतं, पण ती ते पाठवत नव्हती. फोन टेबलावर ठेवून ती गवार मोडायला बसली.

वहिनी फोनवरून विणकाम शिकवते. दरमहा पैसे भरणाऱ्या बायका तिला दिवसभर काहीबाही विचारत असतात. सगळ्यांना पुरं पडणं जमेना, तेव्हा तिने फोनवर आपोआप उत्तरं देणारं यंत्र लावून घेतलं. ते तिच्यासारखंच ‘अगं’, ‘बाई गं’ करत बोलतं, आणि खरं वाटावं म्हणून उत्तर जरा उशिराच पाठवतं.

आज एका आजींनी विचारलं होतं, ‘नात वेळेआधी झाली, काचेच्या पेटीत आहे. टोपी केवढी विणू?’ हे काही वहिनीने यंत्रावर सोडलं नाही. ‘मोसंबीवर बसेल एवढी,’ तिने स्वतः लिहिलं.

“मग पाठव की!” मी म्हणालो.

“मागे एकीला मी स्वतः लगेच उत्तर दिलं, तर म्हणते, ताई, तुम्हीच आहात ना? की मशीन?”

माझी मोठी बहीण फोन कधीच पटकन उचलत नाही. हात पुसते, चष्मा शोधते, मग “हं, बोल” म्हणते. तेवढ्या वेळात ती मला अख्खी दिसते. उशीर ही माणसाची खूण होती. तीही आपण यंत्राला शिकवून बसलो.

गवार संपत आली. तिकडे आजी सुया हातात घेऊन बसल्या असतील, आणि इकडे वहिनी, आपण माणूसच आहोत असं वाटावं म्हणून, घड्याळाकडे बघत थांबली होती.