अनुमान म्हणजे अनुमान नव्हे

परवा ट्रंकेत जुना कार्बन पेपर सापडला आणि त्याच्या तेलकट वासासरशी मी थेट गुलमंडीत, टायपिस्ट रहीमभाईंच्या टेबलासमोर जाऊन बसलो. त्यांच्या यंत्राची खडखड मुकुंदवाडी स्टेशनापर्यंत जायची. गाड्या बिचकून थांबायच्या.

मी तेव्हा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो, कच्च्या नोकरीवर. नामांकित त्रैमासिकात लेख छापून आला तरच ती लवकर पक्की होणार होती. माझा लेख होता 'अंदाज' या विषयावर. वैजापूरच्या बाजारातला हमाल पोतं नुसतं बघून वजन सांगतो, त्याला कुठलं तर्कशास्त्र लागतं? संपादकांनी लेख पत्रासह परत पाठवला. 'अंदाज' फारसी, म्हणून लाल पेन्सिलीनं खोडून सगळीकडं 'अनुमान' केलेलं. त्यामुळं 'अंदाज म्हणजे अनुमान नव्हे' हे माझं मुख्य वाक्य झालं होतं 'अनुमान म्हणजे अनुमान नव्हे'.

रहीमभाई हसून हसून खुर्चीतून चारदा पडले. मग हळूच म्हणाले, "सर, नोकरी का सवाल है. नव्या प्रतीत टाइप करून टाकू का अनुमानच?"

"नाय. अंदाजच ठेवा."

तेवढ्यात संपादकांच्या पत्रातली शेवटची ओळ दिसली: 'दुरुस्त्या मान्य असल्यास छपाईस अंदाजे दोन महिने लागतील.' मी त्या 'अंदाजे'भोवती लाल गोल काढला आणि पत्र लेखासोबत परत धाडलं. आज ते पत्र आलं असतं तर दोन गोल काढले असते.

लेख छापला नाही. नोकरी पक्की व्हायला पुढं तीन वर्षं गेली. अंदाजे.