तिघांत वाटून घेतलेलं इंग्रजी

जानेवारी १९५८, दुसरा रविवार, सकाळचा खेळ. तिकीट सव्वा रुपया, तिघांचे तीन रुपये पंचाहत्तर नये पैसे. हजर: मी, माझा धाकटा मेव्हणा आणि गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहणारे मुद्रितशोधक. कोटातलं, म्हणजे फोर्टमधलं थिएटर, इंग्रजी चित्रपट. करमणुकीसाठी आम्ही गेलो नव्हतो.

बंदरावरचा माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत मी कारकून होतो. तिथे काउंटरवरची जागा रिकामी होणार होती. पगारात पस्तीस रुपयांची वाढ, पण काउंटरवर आणि टेलिफोनवर इंग्रजी बोलावं लागे. माझ्या इंग्रजी पत्रात मॅनेजरला खोडायला काही सापडत नसे. बोलायची वेळ आली की मात्र मी आधी मनात मसुदा करी, मग तो तपाशी, आणि तोवर समोरचा कंटाळून मराठीवर किंवा हिंदीवर आलेला असे. याच कारणाने अशी जागा दोनदा हातची गेली होती. तिसऱ्यांदा गेली असती, तर निवृत्त होईपर्यंत मागच्या खोलीत वह्या भरत बसणं नशिबी होतं. तोंडी परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

सिनेमाची युक्ती मेव्हण्याची. अंधारात लिहिता येत नाही आणि सगळ्यांचं सगळं लक्षात राहत नाही, म्हणून पात्रं वाटून घ्यायची, असं मी सुचवलं. चिठ्ठ्या टाकल्या. मेव्हण्याला नायक आला, मुद्रितशोधकांना बायका आल्या. माझ्या वाट्याला उरलेले: वेटर, दरवान, ड्रायव्हर, हॉटेलातला कारकून.

मेव्हणा म्हणाला, "भावोजी, नशीबवान आहात. तुमची माणसं निदान सावकाश बोलतात."

ते खरं होतं. त्या दोघांची फार ओढाताण होई. थिएटर हसलं की आम्ही क्षणभर उशिरा हसत असू, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य बुडे. खेळ सुटला की चौपाटीवर बसून तिघे आपापली वाक्यं सांगत, मी ती वहीत उतरवी. मग आठवडाभर मी गॅलरीत येरझाऱ्या घालत माझ्या वाट्याची वाक्यं पुटपुटे. एका जागी बसून पाठ होत नसे. जेवतानाही ओठ हलत. त्या दिवसांत आमच्या मजल्यावरचे सगळे पुरुष संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जात, मीही जाई. बायकोने एकदा ताट वाढता वाढता ऐकवलं, "संध्याकाळी शिवाजी पार्कावर मराठी राज्य मागून येता आणि घरी आल्यावर साहेबाची भाषा घोकता. शेजारणी विचारतात, यांना नक्की कुठल्या राज्यात जायचंय?" मी भात कालवता कालवता पुढचं वाक्य पुटपुटलो.

पाच रविवार, पाच चित्रपट झाले. वहीत माझी स्वतःची एकशे चौदा वाक्यं जमली.

परीक्षेला मॅनेजर समोर बसले होते आणि बाजूला टायपिस्ट बाई टिपणं घ्यायला. मॅनेजरांनी घाईतल्या गिऱ्हाइकाचं सोंग घेतलं. ते इंग्रजीत म्हणाले, माझ्या अकरा पेट्या आत्ताच्या आत्ता सोडा, कागदपत्रं उद्या आणून देतो. मी मसुदा केला नाही, तपासला नाही.

"सर्टनली, सर. राइट अवे, सर." आणि वर विचारलं, आणखी काही सेवा?

एकदाही अडखळलो नव्हतो. मी मनातून खूश झालो. मग मॅनेजरांनी गिऱ्हाइकाचं सोंग उतरवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमचं बोलणं चांगलं आहे, पण तुम्ही आत्ता एका अनोळखी माणसाला अकरा पेट्या फुकट देऊन टाकल्यात. माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीत शिक्क्याच्या चिठ्ठीशिवाय मी गोदामातून एक खिळा बाहेर जाऊ दिला नव्हता. मॅनेजरांना ते ठाऊक असावं, कारण तीन आठवड्यांनी पुन्हा ऐकू, असं ते म्हणाले. ते शेवटचं.

त्या दिवशी ट्रॅम सोडून मी कोटापासून गिरगावापर्यंत चालत आलो आणि घरी न थांबता वही घेऊन पुन्हा बाहेर पडलो. दिव्याच्या खांबाखाली ती उघडून माझी एकशे चौदाही वाक्यं पाहिली. नकाराचं एकही नव्हतं. सिनेमातला वेटर कधी कोणाला नाही म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी टायपिस्ट बाईंनीच मला गाठलं. त्या गिरगावातल्याच, एका वाडीतल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या.

"तुमाला इंग्लिश येतंय," त्या म्हणाल्या. "इंग्लिशमदी नाय म्हणायला येत नाय. दहा रुपये घेईन. तीन आठवडे, जेवणाच्या सुट्टीत."

त्यांची शिकवण्याची रीत साधी होती. त्या रोज इंग्रजीत माझ्याकडे काहीतरी मागत आणि मी सभ्यपणे नाकारायचं. "आय ॲम अफ्रेड नॉट," असं म्हणायचं, डोळे खाली न घालता. पहिल्या दिवशी माझी बटाट्याची भाजी गेली. दुसऱ्या दिवशी भाजी आणि खुर्ची दोन्ही. मराठीत मी सख्ख्या भावाला नाही म्हणालो असतो, पण कोणी इंग्रजीत मागितलं की हात आपोआप पुढे होई. भाजी वाचायला नऊ दिवस लागले.

दुसऱ्या परीक्षेत मॅनेजरांनी पेट्या मागितल्या, मग आवाज चढवला, मग पाच रुपये पुढे सरकवले. मी तिन्ही वेळा तेच वाक्य म्हणालो आणि शिक्क्याची चिठ्ठी मागितली.

नेमणुकीचा कागद बाईंनीच टाइप केला. तो माझ्या हातात देताना त्या गंभीरपणे इंग्रजीत म्हणाल्या की शिकवणीचे पंचवीस रुपये झाले. आनंदाच्या भरात माझा हात खिशात गेला होता. पंचवीस त्यांनी कमावले होते, असंही वाटलं.

"आय ॲम अफ्रेड नॉट, मॅडम," मी म्हणालो. "टेन."

बाईंनी मान हलवली आणि हात पुढे केला. मी टायपिस्ट बाईंना ठरलेले दहा रुपये दिले.