दहा मोजेपर्यंत

सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर दसरूचा फोटो स्टुडिओ होता. त्या स्टुडिओत दसरू एका जागी बसलेला कुणी पाहिला असेल तर शपथ! चहा पिताना त्याचा पाय हलायचा, बोलताना हात हलायचे, आणि दुसऱ्याचं ऐकायची वेळ आली की सगळा दसरूच हलायचा. असा माणूस खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेऊन लग्नात शिरला की काय होणार, तुम्हीच सांगा. तोरणावरून नवरीच्या नाकावर, नाकावरून वाजंत्र्याच्या ढोलावर, ढोलावरून परत तोरणावर, आणि मधेमधे झूम आत, झूम बाहेर. कॅसेट पाहणाऱ्याला झोपाळ्यावर बसल्यासारखं गरगरायचं. पण पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला आमच्या झाडीपट्टीत लग्नाचं शूटिंग हेच मोठं नवल होतं. गरगरलं तरी लोक म्हणायचे, वा रे दसरू!

एकच माणूस वा म्हणाला नाही. गोंडपिपरीचे रामाजी. दसरू त्यांच्या स्टुडिओत दोन वर्षं शिकला होता. त्याची पहिली कॅसेट पाहून म्हातारा म्हणाला, “बटन दाबलं का मनातल्या मनात दहा मोज. दहा झाल्याबिगर हात हालवतेस तं कॅमेरा कायले घेतला बे? सूप घे न धान पाखड.”

दसरू हसला होता. दहा मोजेपर्यंत त्याच्या चार फ्रेमी व्हायच्या.

दोन हजार एक सालच्या भादव्यात एका सकाळी मैना त्याच्या दुकानात आली. मैना म्हणजे तलावाकाठच्या चिचटोल्यात मासे धरणाऱ्या डोमा ढिवराची पोरगी. चार वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं शूटिंग दसरूनंच केलं होतं.

“दसरूभाऊ, बाबा गेला,” ती म्हणाली. “तापानं. परवा.”

“अरे बाप्पा!” दसरू उभा राहिला. “डोमाभाऊ? धडधाकट माणूस!”

“तेरवीले हार घालाले घरात एक फोटो नाई जी. फोटो काढ म्हटलं का तलावावर पळे. मतदान कार्डावर हाय, पण ते पाहाय.” तिनं पदराची गाठ सोडून कार्ड पुढे केलं. पांढऱ्या चादरीपुढे उभा केलेला काळा माणूस. चादर लख्ख आली होती आणि चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख होता. “कपाळ कुठी न गाल कुठी, काई समजत नाई. माया लग्नाच्या कॅसेटीत तं बाबा असंल ना? तीन तासाची कॅसेट हाय. त्यातून एक फोटो काढून देशील?”

“एवढंच ना? उद्या घेऊन जाय!” दसरू म्हणाला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

ती गेली आणि दसरूनं कॅसेट व्हीसीआरमध्ये टाकली. तासाभरात त्याचं तोंड उतरलं. तीन तासांत डोमा अकरा वेळा दिसत होता, आणि त्यातल्या दहा वेळा असा जायचा की बघ म्हणेपर्यंत गायब. कधी अर्धा कान, कधी पाठ. दोन ठिकाणी तर चौकटीच्या कडेला एक हात दिसत होता, डोमाला ‘हो बाजूला’ म्हणून हाकलणारा. तो हात कुणाचा हे दसरूला कुणी सांगायची गरज नव्हती. डोमाच्या अंगात साधी बंडी होती आणि खांद्यावर दुपट्टा. शूटिंगची शोभा जाते म्हणून दिवसभर तो नवरीच्या बापाला बाजूला करत होता! कन्यादानाला मात्र डोमा दोन-चार सेकंद सरळ समोर होता. पण तिथं मिक्सिंगमध्ये, म्हणजे मागाहून चित्र जुळवताना टाकलेल्या, गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. एक डोमाच्या नाकावर, दोन डोळ्यांवर. आणि त्या पाकळ्या चंद्रपूरच्या मिक्सिंगवाल्याकडून दसरूनंच हौसेनं पाडून घेतल्या होत्या.

तरी त्यानं हात-पाय मारले. व्हीसीआर थांबवला, तर उभ्या चित्रावर पांढरे पट्टे थरथरायला लागले. टीव्हीचा फोटो फ्लॅश मारून काढला, तर काचेवर पांढरा गोळा आला. बिगरफ्लॅशचा काढला, तर डोमाच्या तोंडावर आडवा काळा पट्टा. मधे दोन-दोन तास लाइट जायची, तेव्हा हा दारात येरझारा घालायचा. डोमा गेल्याच्या चौथ्या दिवशी मैना आली. सातव्या दिवशी परत आली.

“झाला का जी?”

“होऊन राह्यला,” दसरू तिच्याकडे न बघता म्हणाला.

ती गेल्यावर त्याला स्वतःचाच असा राग आला की हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यानं भिंतीवर फेकला. अरे, तीन तास! तीन तास एका माणसाच्या घरात कॅमेरा घेऊन नाचलास, आणि त्या घरच्या माणसाचं तोंड तुझ्याजवळ नाही?

त्या रात्री त्याला झोप आली नाही. लग्नाचा तो दिवस सुरुवातीपासून आठवत पडला, आणि जेवणापाशी येऊन अडकला. उन्हं कलली तेव्हा त्याला कडकडून भूक लागली होती. त्यानं बटण दाबून शूटिंग बंद केलं, कॅमेरा मांडवाच्या कोपऱ्यातल्या धानाच्या पोत्यावर ठेवला आणि जवळ उभ्या डोमाला सांगितलं, “भाऊ, इथीच बस. पोट्टे हात लावतीन. मी आल्याबिगर हालू नको.” मग जेवला. मग पानठेल्यावर वऱ्हाड्यांत गप्पा हाणत बसला. परत आला तर पाठवणी होऊन गेली होती. जंगलाचा रस्ता, म्हणून ट्रॅक्टर दिवसाउजेडीच निघाला होता. पाठवणीचं शूटिंग काऊन नाई, म्हणून पुढं लोकांनी विचारलं तेव्हा दसरूनं ठोकून दिलं, बॅटरी संपली होती.

पण आता त्याला दुसरंच आठवत होतं. कॅमेरा उचलला तेव्हा कॅसेट शेवटाला जाऊन थांबली होती. जेवायला गेला तेव्हा तर अर्ध्या तासाची शिल्लक होती!

दसरू अंथरुणात उठून बसला. उलटं बटण! नवशिक्या शूटिंगवाल्याचा हा ठरलेला रोग. बटण एकच, एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. घाईत एक दाब चुकला, डोळ्यापुढचा लाल ठिपका पाहिला नाही, की सगळं उलटं होतं. बंद समजतो तेव्हा चालू, आणि चालू समजतो तेव्हा बंद. म्हणजे कॅमेरा त्या पोत्यावर बसून अर्धा तास शूटिंग करत होता. मिक्सिंगच्या वेळी मिक्सिंगवाल्यानं विचारलं होतं, पुढं काही हाय का, आणि दसरूच म्हणाला होता, जेवणानंतर काई नाई, काप.

ती मूळ कॅसेट त्यानं मागल्या वर्षी रामाजींना वापरायला दिली होती.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं तो निघाला. मूलला गाडी बदलली. वाटेत ड्रायव्हर चहाला थांबला तर हा गाडीभोवती फेऱ्या मारतोय. कंडक्टरनं विचारलं, “बाळंतीण हाय का घरी?”

“त्या कॅसेटीवर?” रामाजींनी चश्मा पुसला. “त्यावर मी सत्काराचा कार्यक्रम भरला ना बे.”

दसरू पायात चपला घालायला लागला.

“पण अडीच तासाचाच होता,” म्हातारा म्हणाला. “शेपूट असंल तं असंल.”

कॅसेट लावली. सत्कार पळवला, हार पळवले, भाषणं पळवली. मग पडद्यावर मुंग्या आल्या. मग एकदम तिरपा मांडव, मंगलाष्टकं नाहीत, पाकळ्या नाहीत, आणि हातभर अंतरावर उकिडवा बसलेला डोमा.

तलावाकडून मांडवाखाली येणारा पिवळा उजेड त्याच्या एका गालावर होता. गळ टाकून बसावं तसा तो बसला होता. हलत नव्हता. दसरूनं नकळत मोजायला सुरुवात केली. दहा झाले, पन्नास झाले, कॅमेरा हलला नाही आणि माणूसही हलला नाही. दसरूच्या आख्ख्या धंद्यातलं हे एकच शूटिंग धड होतं, आणि त्या वेळी तो पान खात होता.

“वाह!” रामाजी म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मागून एका बाईचा आवाज आला, “डोमाभाऊ, चाल ना जी! पोरगी ट्रॅक्टरवर चढून राह्यली.”

“दसरू येऊ दे,” डोमा म्हणाला. “कॅमेरा सोपवून गेला न तो मायावर.”

“अवो, मैना रडून राह्यली. तुले बलावते.”

डोमा अर्धा उठला. रस्त्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि परत बसला. “दुसऱ्याची वस्तू हाय बाई. आला का येतोच मी.”

ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. डोमा उभा राहिला. आता पडद्यावर त्याचे नुसते पाय दिसत होते. ते दोन पावलं गेले, थांबले, परत आले. आवाज लांब लांब जात विरला. मग डोमा खाली बसला आणि दुपट्ट्यात तोंड घालून किती तरी वेळ तसाच राहिला.

रामाजींनी कॅसेट थांबवली. दसरूकडे पाहिलं नाही. “फोटो काढू,” ते म्हणाले. “बाकीचं तुयं तू पाह्य.”

भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून त्यांनी खोली काळोखी केली. कॅमेरा तिपाईवर चढवला. “फ्लॅश नाई. टीव्हीचं चित्र सावकाश रंगते, म्हणून शटर बी सावकाश पायजे. सेकंदाचा आठवा हिस्सा. मंग काळा पट्टा येत नाई. कॅसेट थांबवाची नाई, चालूच ठेवाची. माणूस हालत नसंल तंच जमते हे,” रामाजी म्हणाले. मांडव तिरपा होता तेवढाच कॅमेरा तिरपा केला, म्हणजे डोमा सरळ झाला. मग दसरूचा हात बाजूला सारून म्हाताऱ्यानं सेल्फ टायमर लावला. “तुया हातावर माया भरोसा नाई.”

बाईनं हाक मारायच्या आधीचा डोमा त्यांनी घेतला. रामाजींनी काळा-पांढरा फोटो तिथंच धुऊन दिला, आणि कॅसेटही दसरूच्या हातात ठेवली.

बाराव्या दिवशी मैना आली. दसरूनं फोटो तिच्या हातात दिला. तिनं पाहिलं, आणि खालचा ओठ दातात धरला. “हाच,” ती म्हणाली. “हाच माया बाबा. असाच बसे तो.” मग तिनं फोटो जवळ घेतला. “हा दुपट्टा तं लग्नातला हाय. कव्हाचा जी हा?”

“लग्नातलाच.”

“त्या दिवशी बाबा पाठवणीले आलाच नाई,” ती एकाएकी म्हणाली. “ट्रॅक्टरवरून मी मान वळवू वळवू पाह्यलं. सारं गाव होतं, तोच नोता. मी कधी इचारलं नाई, न त्यानं कधी सांगितलं नाई. मले वाटे, पोरगी गेली, सुटला.”

फोटो तर दिला होता. काम झालं होतं. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? डोमा सांगायला येणार नव्हता, आणि रामाजी सांगणारे नव्हते. तुम्ही म्हणाल, माणसानं सरळ सांगून टाकावं. सांगून टाकणं सोपं असतं होय! तो दारापर्यंत गेला, परत आला, काउंटरवरचे रोल इकडचे तिकडे केले.

“बस मैना,” तो शेवटी म्हणाला, आणि कॅसेट लावली.

त्यानं पडद्याकडे पाहिलं नाही. तो आपल्या हातांकडे पाहत राहिला. बाईची हाक आली, डोमाचा आवाज आला, ट्रॅक्टर आला आणि गेला. मग नुसती मुंग्यांची खरखर. मैना रडत होती, पण आवाज करत नव्हती.

“तू कुठी होता जी तव्हा?” तिनं विचारलं.

“पानठेल्यावर,” दसरू म्हणाला. “बॅटरी संपली नोती मैना. खोटं बोललो मी. मीच त्यायले हालू नको म्हणलो होतो.”

बाहेर एक गाडी लागली, कंडक्टर ओरडला, गाडी गेली. मैनानं फोटो पदराखाली घेतला आणि हात पुढे केला.

“कॅसेट दे.”

त्यानं कॅसेट बाहेर काढली. भिंतीवर फेकलेला स्क्रू ड्रायव्हर शोधून आणला आणि कॅसेटच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी काडकन तोडली. “आता यावर दुसरं काईच भरत नाई,” तो म्हणाला. “सत्कार नाई न लग्न नाई.”

दारात ती थांबली. “उद्या तेरवी हाय. जेवाले येजो,” ती म्हणाली. “कॅमेरा आणू नको.”

तो गेला. रिकाम्या हातानं जेवला आणि आला. तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी सासरी जायला मैना सिंदेवाहीच्या स्टँडवर आली तेव्हा दसरूच्या दुकानात पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक बसलं होतं. त्याला तसंच स्टुलावर ठेवून दसरू बाहेर आला आणि दारात उभा राहिला. गाडी निघाली. मैनानं खिडकीतून मान वळवून पाहिलं. आतून गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत दसरू जागचा हलला नाही.