दुकानातले सर आणि शाळेतले सर

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. मंगरूळपीरच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून लागले. आसेगावच्या आमच्या बौद्ध वस्तीत पगाराची नोकरी करणारी मीच पहिली. बाबा दुसऱ्याच्या वावरात राबायचे. सकाळी मी बसमध्ये चढले की पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचे, "आमची बाई ड्युटीवर चालली." मला लाजल्यासारखं व्हायचं अन् बरंही वाटायचं.

हेडमास्तर जैन होते. बाजारात त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान होतं. नव्या शिक्षकाला घडवायची त्यांची एक रीत होती. न सांगता वर्गात यायचं, शेवटच्या बाकावर बसायचं अन् चुकलं की पोरांच्या देखत तिथल्या तिथं टोकायचं. माणूस वाईट नव्हता, पण शाळेच्या फाटकातून आत येताना हसू बाहेरच ठेवून यायचा.

मी अपूर्णांक शिकवत होते. पुस्तकातलं पोरांच्या डोक्यावरून चाललं होतं, म्हणून म्हटलं, "एका भाकरीचे चार चतकोर केले. एक तुले देल्ला, तं मले किती राह्यले?" पहिल्या बाकावरची पोरगी चटकन बोलली, "तीन चतकोर, बाई." तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, ही शाळा आहे, स्वयंपाकघर नव्हे. घरची भाषा घरी ठेवून येत चला."

पोरं हसली. पोरंच ती, हसणारच. माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली. घरची म्हणजे कोणाच्या घरची? माझ्या वस्तीची? त्यांच्या मनात ते नसेलही, पण मला ऐकू आलं ते तसंच.

त्यानंतर मी पुस्तकातल्यासारखी बोलायला लागले. प्रत्येक शब्द तोंडातून काढायच्या आधी दोनदा तपासायची. पोरं मुकाट्यानं लिहून घ्यायची. पहिल्या बाकावरच्या त्या पोरीनं विचारणंच सोडलं. शेवटी एका संध्याकाळी मी बाबांना सांगून टाकलं की मला ही नोकरी करायची नाही.

"काहून? कोणी मारलं का?"

"नाही."

"मंग काय झालं?"

"मी तिथं अर्धीच जाते, बाबा. अर्धी इथंच राह्यते."

बाबा म्हणाले, "महिना पुरा कर. मंग पाहू." दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढले तेव्हा ते पारावर खाली मान घालून बसले होते. तो गप्पपणा मला सरांच्या बोलण्याहून जास्त लागला.

रविवारी बाबांच्या सदऱ्याला कापड घ्यायला मी त्या दुकानात गेले. जैनांचं पर्युषण नुकतंच संपलं होतं. त्यानंतर ते लोक वर्षभराच्या चुकांची एकमेकांना माफी मागतात. सर दुकानाच्या पायरीवर उभे होते. हमालाला हात जोडले. मग गाठोडं घेऊन आलेल्या एका म्हातारीपुढं वाकले अन् म्हणाले, "माय, वर्षभरात माहं काई चुकलं असन तं माफ करजो बरं." अस्सल आमची बोली. मी बघतच राहिले.

मग मी दिसले. हात पुन्हा जोडले गेले, पण आवाजाला एकदम इस्त्री झाली. "बाई, आमच्याकडून काही चुकले असल्यास क्षमा असावी."

माझं डोकंच फिरलं. "सर, त्या मायले मांगतली तशी मांगा ना. अन् इथं काहून? बोलले तं तुमी वर्गात होते."

सरांच्या भावाच्या हातातला कापड मोजायचा गज हातातच राहिला. मी कापड न घेता निघाले. आता आपण सोडायच्या आधी हेच आपल्याला काढतील, असं मनाशी म्हणत घर गाठलं.

सोमवारी सर वर्गात आले. शेवटच्या बाकाकडं न जाता फळ्याजवळ उभे राहिले. रुमालानं कपाळ पुसलं. मग हात जोडले.

"पोरंहो, त्या दिशी मी तुमच्या बाईले तुमच्यासमोर बोललो. माहं चुकलं. बाई, माफ करा." अन् माझ्याकडं न बघता म्हणाले, "आता तो भाकरीचा हिशोब पुरा करा. मले बी आयकू द्या."

ते मागं जाऊन बसले. मग पहिल्या बाकावरून हात वर आला. "बाई, त्यातला एक चतकोर सरले देल्ला तं?"

सर हसले. शाळेत हसताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

पुढं मी स्वतः हेडमास्तरीण झाले. नव्या मास्तरांच्या चुका मलाही दिसायच्या. मी त्यांना बाजूला बोलवायची, चहा द्यायची अन् घरी बोलते तशीच बोलायची. मला दुसरं बोलणं जमेनासंच झालं होतं.

सरांनी वर्गात माफी मागितली त्या संध्याकाळी बस आसेगावला थांबली तेव्हा बाबा पारावरच होते. जवळ आले अन् हळूच म्हणाले, "सोडली का मंग?"

"नाही. उद्या ड्युटी हाय."

बाबा पारावरच्या माणसांकडं वळले. "आयकलं का? बाईले उद्या ड्युटी हाय," ते म्हणाले, अन् माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.